मोती गुरगुरला

बुधवार, रात्र

मोती आज माझ्यावर गुरगुरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऑफिसातून आल्यावर नेहमीसारखी त्याची मान खाजवायला गेले, तर दात दाखवले. मला रागच आला.

अनिल म्हणाला, "म्हातारा झालाय यार, चिडचिड करणारच."

पटलंही असतं. पण दहीभात समोर ठेवला तरी मोती मान खाली करेना. नुसता उभा, थरथरत. वाटी उचलून तोंडाशी धरली, तर सगळा भात चाटूनपुसून खाल्ला. म्हणजे भूक होती, मान वाकत नव्हती! हे मला आधी का नाही कळलं?

अनिल स्वतःची डोकेदुखीची गोळी घेऊन आला. मी थांबवलं, डॉक्टरबाईंना फोन लावला. "इंसानों की गोली बिल्कुल मत देना, अभी ले आइए." चादरीच्या झोळीत घालून नेला. मानेत नस दबलीये म्हणाल्या. इंजेक्शन दिलं. बरा होईल, पण हळूहळू.

इतकं दुखत असून चावला मात्र नाही.

आत्ता शांत पडलाय. अनिल त्याच्याशेजारी जमिनीवर चटई घालतोय. म्हटलं, "अरे, कंबर धरेल तुझी."

"धरू दे. मला निदान सांगता येतं."