भिंत कुठे बांधणार?

मुलुंड पूर्व,
६ जानेवारी २०२६

प्रिय क्षमाताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. त्यांचा गुडघा आता कसा आहे? इकडे पालिकेच्या निवडणुकीचा नुसता गोंगाट चाललाय. सकाळपासून रिक्षावर कर्णे.

श्रेयसबद्दल विचारलं होतंस. बरा आहे.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या पटांगणात दोन उमेदवार आले होते. जुने नगरसेवक सीतारामभाऊ आणि पहिल्यांदाच उभी राहिलेली गार्गी नावाची वकील. मागच्या चाळीतलेही लोक आले होते. पाणी, पार्किंग सगळं झालं. मग चाळीतल्या वनमालाबाई उठल्या. पावडरीच्या नशेनं त्यांचा तरुण मुलगा गणपतीत गेला. त्यांनी एवढंच विचारलं, की बागेमागे ती उघड विकतात, तुम्ही काय करणार?

सीतारामभाऊंनी सांगितलं की हे सगळं चाळीतून येतं, निवडून आलो की मधल्या गल्लीत भिंत घालू. आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई, ह्यांनीही वाजवल्या. भिंतीनं काही होणार नाही असं गार्गी म्हणत होती, पण ऐकतंय कोण. मागून कुणीतरी म्हणालं, आधी स्वतःची पोरं सांभाळा. वनमालाबाई माईक धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना रडूही येत नव्हतं.

मला बसवेना. ह्यांनी दंड धरला, तो सोडवून घेतला आणि उठले.

"माझा श्रेयस बंगळुरूला नाही. कर्जतजवळ व्यसनमुक्ती केंद्रात आहे," मी म्हणाले. "त्याला पावडर आपल्याच बी विंगच्या गच्चीवर मिळाली. भिंत कुठे बांधणार?"

तुला हे असं कळायला नको होतं गं. ऑगस्टपासून बंगळुरूचं सांगून तुझ्याशी खोटं बोलतेय. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर आताही खोटंच बोलले असते, म्हणून लिहितेय.

सीतारामभाऊ म्हणाले, आपण नंतर घरी बसून बोलू. मी म्हटलं, इथेच बोला. ते घड्याळ बघून निघून गेले. गार्गी खाली उतरली आणि तिनं मला विचारलं, विकणाऱ्याचं नाव पोलिसांत सांगाल? मी सोबत येते.

काल वनमालाबाई, गार्गी आणि मी, आम्ही तिघी चौकीत जाऊन आलो. श्रेयसनं मला नाव सांगितलं होतं, विकणारा आमच्याच सोसायटीच्या सेक्रेटरींचा भाचा आहे. संध्याकाळी पोलिसांनी त्याला नेलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणी माझ्याशी बोलत नाही. दाराची बेल वाजली की आधी साखळी लावून बघते.

आज सकाळी सेक्रेटरी घरी आले. तक्रार मागे घ्या, नाहीतर इथे राहणं जड जाईल, म्हणाले. सभेपासून हे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, आता हो म्हणतील. हे उठले, दार उघडून धरलं आणि शांतपणे म्हणाले, "मागे घेणार नाही. या तुम्ही."

मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. श्रेयसला तिथे ठेवल्यापासून ते एकदाही भेटायला गेलेले नाहीत. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "रविवारी किती वाजता भेटू देतात?"

मी केंद्राचं वेळेचं कार्ड त्यांच्या हातात दिलं, ताई.

रागावली असशील तर रागाव. पण फोन करू नकोस, ये.

तुझी वाट बघणारी,
रेवती