उबेच्या खोलीतलं टेबल

३ मार्च

टेबल हलवलं! म्हणजे हमालांनी हलवलं. मी नुसती पाण्याची बाटली आणि स्टेपलर छातीशी धरून मागे मागे चालत होते, नव्या नवरीसारखी. माझ्या जुन्या खोलीत आता पाहुण्यांसाठी सोफे येणार. "तात्पुरतं हो! पुढे बघू," असं बघूसाहेब म्हणाले. आमचे व्यवस्थापक. कशालाही 'बघू' म्हणतात, म्हणून सगळे त्यांना बघूसाहेब म्हणतात — अर्थात पाठीमागे.

नवी खोली म्हणजे उबेची खोली. आमच्या शीतगृहाच्या चेंबरमध्ये उणे वीस डिग्री. तिथे मटार, मका, मासे यांची खोकी रचायची, आणि मधूनमधून बाहेर येऊन या खोलीत अंग शेकायचं — तसा नियमच आहे. बायका हिला 'माहेर' म्हणतात. "जरा माहेरी जाऊन येते गं!" असं सांगून हीटरपुढे येऊन बसतात. बसायच्या. आता दारावर पाटी लागली — एचआर विभाग. त्यांच्यासाठी बाहेर पॅसेजमध्ये बाकडं टाकलंय. चेंबरचं दार उघडलं की तिथे थेट तोंडावर गार झोत.

साहेबांना म्हटलं, हे बरोबर नाही. बघू म्हणाले.

४ मार्च

जाऊबाई बोलत नाहीयेत.

मोठ्या जाऊबाई चेंबरमध्येच कामाला आहेत. मीच चिकटवलं त्यांना. घरी त्या थोरल्या आणि मी धाकटी, कामावर मी मॅडम आणि त्या खोकी रचणाऱ्या. आजवर दोघींनी कसंबसं निभावून नेलं. आज जेवताना भाजी वाढायला आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, अजून थोडी?" सासूबाईंनी मान वर केली, ह्यांनी खाली घातली. मी हसण्यावारी नेलं — "ताई, काय हे!" तर म्हणाल्या, "आमच्या माहेरात टेबल मांडलंस ना? आता तिथे पाऊल टाकायची नाही मी."

मी काय हौसेने मांडलं? पण सांगणार कोणाला? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तुमच्या ऑफिसचं ऑफिसात ठेवा." ऑफिस इथे माझ्या समोर बसून जेवतंय, ते कुठे ठेवू?

७ मार्च

तक्रारींची रांग लागली आहे! फोर्कलिफ्टवाला आला — धिप्पाड माणूस, आवाज असा की भांडी वाजावीत — म्हणतो, पॅसेजमधल्या घड्याळाची टिकटिक सहन होत नाही. लिहून घेतलं. मग एक बाई: शेजारीण मुद्दाम माझ्या दिशेने शिंकते. तेही लिहून घेतलं. मग आणखी एक: मक्याची खोकी मटारपेक्षा जास्त उद्धट वाटतात. इथे माझं पेन थांबलं.

वर बघितलं तर बाई माझ्याकडे बघतच नव्हती. हीटरकडे तोंड, दोन्ही हात पुढे, डोळे मिटलेले.

किती बावळट मी! चांगले चार दिवस गेले कळायला.

१० मार्च

आता मीच विचारते, "आणखी काही? सविस्तर सांगा. घाई नाही." घाई नसते कोणालाच. शिंकणारी शेजारीण स्वतः येऊन बाजू मांडून गेली — चांगली नाकाची लाली उतरेपर्यंत.

खोटं लिहिते, ठाऊक आहे. पण खोलीत माणसं असली की मला बरं वाटतं.

१२ मार्च

सगळे येतात, जाऊबाई येत नाहीत. हात काखेत घालून बाकड्यावर बसतात, पाठ माझ्या दाराकडे. आज मी बाहेर जाऊन म्हटलं, "ताई, आत या ना. खोटी का होईना, एक तक्रार करा." म्हणाल्या, "खोटं बोलून ऊब घ्यायची सवय नाही मला." बाकीच्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. मला इतका राग आला! आणि त्याहून जास्त लाज.

१४ मार्च

फोर्कलिफ्टवाल्याने घड्याळाची तक्रार मागे घेतली. मागे घ्यायलाही बराच वेळ लागतो म्हणाला.

१८ मार्च

साहेबांनी बोलावलं. पुढ्यात माझे कागद. "हे काय चाललंय? पुढच्या महिन्यात वरच्या ऑफिसची माणसं तपासणीला येणार आणि आपल्याकडे तक्रारींचा ढीग! कामगारांचं स्वास्थ्य कोण बघतं इथे?" मी बघते साहेब. "मग ते असं?"

सांगून टाकलं. त्यांना तक्रार नाही, थंडी आहे. खोली परत द्या, मी पॅसेजमध्ये बसते. माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी चेंबरमध्ये झोपायची परवानगी मागतेय. "पाहुण्यांना काय दाखवू? एचआर बाकड्यावर?" मग हुकूम. तक्रारी आजपासून बाहेरच्या पेटीत टाकायच्या. खोलीचं दार बंद. माझ्याशिवाय कोणी आत थांबायचं नाही.

आणि या वेळी 'बघू' म्हणाले नाहीत.

२० मार्च

दार बंद करून बसले आहे. हीटर चालू. बाहेर बाकड्यावर पाय आपटल्याचे आवाज येतात. मला घाम येतोय. हीटर बंद केला, तर वाटलं तेही नाटकच. पुन्हा लावला. नोकरी सोडावी का? पण मग ताईंनाही ठेवणार नाहीत, माझ्या शब्दावर घेतलंय त्यांना. आणि थोरल्या दीरांना काम नाही. घरात सगळे आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघून आहेत. असं हात बांधून बसायला लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

२४ मार्च

दुपारी शिंकणारी बाई दार वाजवायला लागली — "मॅडम, तुमच्या जाऊबाईंना बघा!"

पॅसेजमध्ये बसल्या होत्या. हातमोजा निघेना. फाटका होता, आत बाष्प जाऊन गोठलेला. बदलून मागितला होता म्हणे, स्टोअरमध्ये नव्हता. मी हळूहळू सोडवला. उजव्या हाताची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणाल्या, "काहीच वाटत नाही."

जबरदस्तीने आत आणायला लागलो. दोन्ही बाजूंनी बायकांनी धरलं होतं. उंबऱ्यापर्यंत आल्या आणि पाय रोवून उभ्या राहिल्या! "इथे नको." शेवटी कोमट पाण्याची बादली पॅसेजमध्ये नेली. बोटांत जीव परत यायला लागला तशा ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. बाळंतपणातही नाही.

२५ मार्च

बोटांवर फोड आलेत, मोठे, पाण्याने भरलेले. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, थंडीने भाजलेलं आणि विस्तवाने भाजलेलं दिसायला सारखंच असतं. साहेब शेजारीच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी चटका बसला असेल. तुम्ही एकाच घरात राहता ना? मग तुमच्याइतका भरवशाचा साक्षीदार कोण! लिहून द्या. त्यांची नोकरी राहील, तुमचीही राहील."

घरी आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. थोरले दीर म्हणाले, "दोघींची राहणार असेल तर लिही." हे म्हणाले, "कागदच आहे." सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घरात कोणाला चटका बसू देते होय मी?" आणि उठून आत गेल्या. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. जाग्या होत्या.

२६ मार्च

लिहून दिलं. गरम तवा. घरी.

३० मार्च

रविवार. त्यांना वेणी घालता येत नाही. सासूबाईंचे हात थरथरतात, म्हणून मी बसले. किती दाट केस आहेत अजून! मग त्यांनी विचारलं, "काय लिहिलंस?" सांगितलं. डोकं हललं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तवा कोणता? मोठा की छोटा?"

वेणी वेडीवाकडी झाली. सोडून पुन्हा घालायची हिंमत झाली नाही.

बाहेरच्या डॉक्टरांना दाखवलं. जखमा भरतील म्हणाले, पण ही बोटं परत गोठली तर टोकं काढावी लागतील. थंडीच्या जवळपासही जायचं नाही.

२ एप्रिल

पत्र आलं. घरगुती इजा असल्याने कंपनीची जबाबदारी नाही. पर्यायी काम देता येत नाही. सात तारखेला चेंबरमध्ये हजर व्हावं, अन्यथा नाव कमी करण्यात येईल. खाली सही साहेबांची. पोहोचवायचं मी!

तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, मी खोटं लिहिलंय, परत घेते. ते शांतपणे म्हणाले, "घ्या. पण मग खोटा कागद कोणी दिला, ते विचारतील. मी तर तुमच्यावर विश्वास ठेवला." आणि चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा!

मी तो प्यायले.

५ एप्रिल

एक वाट आहे. नव्या माणसांना पहिल्या दिवशी मीच घडाघडा सांगते — तक्रार एचआरविरुद्धच असेल तर ती व्यवस्थापकांकडे जात नाही, थेट वरच्या ऑफिसला जाते, आणि चौकशी होईपर्यंत ज्या कामगाराबद्दल ती आहे त्याला त्याच जागी कामाला लावता येत नाही. जाऊबाईही बसल्या होत्या तेव्हा, मागच्या ओळीत.

तव्याच्या त्या खोट्या कागदाबद्दल कोणीतरी माझ्याविरुद्ध लिहायला हवं. फोर्कलिफ्टवाल्याला आडून आडून सुचवलं. तो कानाला हात लावून म्हणाला, "तुमच्याविरुद्ध? जीभ झडेल मॅडम. तुम्ही घड्याळाचं ऐकून घेतलंत!"

मी स्वतःच कबुलीचं पत्र पाठवू शकते वरती. लिहायला घेतलंही. 'मी' एवढं लिहून बसून राहिले. खरं सांगते — मला ही खुर्ची जायला नको आहे. त्यांची बोटं एकीकडे आणि खुर्ची एकीकडे, तरीही! अशी कशी आहे मी?

परवा सात तारीख.

७ एप्रिल

सकाळी जाऊबाई चेंबरकडे गेल्या नाहीत. माझं दार ढकलून आत आल्या आणि समोर बसल्या. "मॅडम, तक्रार लिहून घ्या. मला पेन धरवत नाही." कोणाविरुद्ध, विचारलं. म्हणाल्या, "तुझ्याविरुद्ध."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. तव्यापाशी हात अडला. "लिही," म्हणाल्या. "या वेळी झालं तसं लिही." एक शब्दही जास्तीचा नव्हता, एकही कमी नव्हता. सहीच्या जागी अंगठा दिला — आमच्या घरातलं सगळ्यात सुरेख अक्षर त्यांचं! मी शाई पुसून दिली. मग म्हणाल्या, "तुझ्याच्याने झालं नसतं. लहान आहेस."

वरती पाठवून दिलं. साहेब दोनदा दार वाजवून गेले. उघडलं नाही. जाऊबाई अजून इथेच आहेत, हीटरजवळ. खुर्चीतच झोप लागली त्यांना.