सगळ्या वर्गासाठी डबा

३ मार्च, सोमवार
दुरुस्ती. काल लिहिलं की आई बळजबरीने डबा देते. चूक. मीच दोनदा विचारलं, डबा झाला का. अन्नावर संशोधन करणारीने स्वतःच्या डब्याबद्दल तरी खरं लिहावं.
परगावच्या विद्यापीठाने नोकरी देऊ केली आहे. विषय माझाच: अन्न आणि ओळख. राहायला खोली, खोलीत स्वतःची शेगडी. होकार शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचा. आधी आईला सांगायला हवं. अक्षर तिनेच गिरवून घेतलं. तिला डावलून सही करणं बरं दिसत नाही. आज सांगणारच.

४ मार्च
नाही सांगितलं. आईचं डोकं दुखत होतं. (माझं दुखत होतं. तिने बाम चोळला.)

५ मार्च
कॉलेजात मी शिकवते त्या वर्गात नवा प्रयोग ठरवला. प्रत्येकाने घरचं खाणं आणायचं आणि त्यावर बोलायचं. कुणीही बाजूला पडणार नाही. जेवताना आई म्हणाली, ज्यांना आणणं जमत नाही त्यांनी काय इतरांची तोंडं बघायची? बिनतोड मुद्दा. माझ्या शोधनिबंधात तो राहूनच गेला आहे. मग म्हणाली, मी करून देते सगळ्यांचं. नाही म्हणणार होते. धाकटा म्हणाला, ताई, खाण्यात डॉक्टरेट केलीस, पण गॅस पेटवायला आईला हाक मारतेस. दुर्लक्ष केलं. नोकरीचा विषय त्याच्यामुळे राहिला.

६ मार्च
प्रयोग यशस्वी. स्वतःचे डबे कुणी उघडलेच नाहीत, सगळे आईच्या पातेल्यावर तुटून पडले. कधीच न बोलणाऱ्या मुलीनेही विचारलं, मॅडम, तुम्हाला हे आवडतं की सवय झालीय? प्रश्न उत्तम. उत्तर दिलं नाही. शिक्षकाने आपलं मत लादू नये.

७ मार्च, शुक्रवार
होकाराचा मेल लिहून तयार. सांगायला स्वयंपाकघरात गेले, तर आईने नवं मोठं पातेलं आणलेलं. दर गुरुवारी लागेल ना, म्हणाली. हो म्हटलं. सहा वाजेपर्यंत आम्ही दोघी पातेलं कुठे ठेवायचं तेच बघत होतो.

८ मार्च
विद्यापीठाचा मेल आला. मुदत उलटल्यामुळे जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली. वाईट वाटलं, पण डोक्यावरची घाई गेली. घाईत सांगितलं असतं तर आई दुखावली असती. आता शांतपणे, नीट समजावून सांगता येईल.
उद्या, रविवार, ९ मार्च, दुपारची भांडी झाल्यावर.