व्हिएन्नातल्या दाराबाहेरच्या चपला

दादा, व्हिएन्नातल्या चौथ्या मजल्यावर अडकलेली ती गुप्तहेर बाई शेवटी सुटली की धरली गेली? मला सांगता येत नाही. मी बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली, पण त्या पुस्तकाची शेवटची पानं कोणत्याच वाचनालयात सापडली नाहीत. धर्माबादच्या बाजारात तुम्ही ते रद्दीवाल्याकडून उचललंत, तेव्हाच ती फाटलेली होती.

बिलोलीच्या रस्त्यावर दुष्काळी काम चाललंय. मी अकरा वर्षांची, आईशेजारी खडी फोडतेय. दुपारची सुट्टी झाली की बाया बाभळीखाली तुमच्याभोवती जमतात आणि तुम्ही, माझे चौथी शिकलेले वडील, अक्षराला अक्षर जोडत व्हिएन्ना वाचता. एक म्हातारी मध्येच विचारते, "त्या गावात नळाला पाणी हाय का रं?"

"हाय की. दिवसभर येतंय."

"मंग खून कशापायी करून राहिले मुडदे?"

सगळ्या हसतात. तुम्ही बोट ओळीवर ठेवून हसू ओसरायची वाट बघता आणि पुढे वाचता. इन्स्पेक्टर जिना चढून येतो. "दाराबाहेर चपलांचे चार जोड. आत आवाज पाच जणांचे. इन्स्पेक्टरनं वळखलं, एक जण खिडकीतून आलाय." बाया माना डोलावतात. मी मात्र तुमच्या खांद्यावरून पान बघत होते. शाळेत पहिला नंबर असल्याचा तोरा होता. ओरडले, "दादा, पुस्तकात चपला न्हाईत!" तुम्ही मान वर केली नाही. "पुस्तक लिहिणारा इथं खडी फोडायला हाय का? गप बस." चारचौघांत तुम्ही मला कधी असं बोलला नव्हतात. मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला.

पुस्तक तुटलं तिथे बाई खोलीत होती आणि इन्स्पेक्टर दारात. पुढचं उद्या सांगतो, म्हणालात. त्या उद्याला आपली टोळी दुसऱ्या कामावर गेली, बाभळीखालचं वाचन मोडलं, आणि पुढच्या वर्षी काविळीने तुम्हीच गेलात.

आता लातूर वेगळा जिल्हा झालाय. नव्या कचेरीत मी कारकून आहे. जुन्या जिल्ह्यातून गाठोडी बांधून आलेल्या फायली लावते. सुट्टीच्या दिवशी गोष्ट लिहिली. व्हिएन्नाचीच, चपलांसकट. एका मासिकाच्या संपादकांकडे घेऊन गेले. माणूस सभ्य. चहा पाजला, गोष्ट माझ्यासमोर वाचली आणि हसून म्हणाले, "अहो, तिकडे चपला दाराबाहेर कोण काढतं?" मग गंभीर झाले. "तुमच्याकडे केवढे अनुभव आहेत! दुष्काळ, खडी, तुमची वस्ती. ते लिहा, दिवाळी अंकात पहिल्या पानावर छापतो. हे परदेशी खून तुम्ही कशाला लिहिता?"

"सर, तुम्ही व्हिएन्ना पाहिलंय?"

"नाही."

"मग आपण सारखेच."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही. पहिलं पान मला हवं होतं, दादा, खोटं कशाला सांगू? पण भर दुष्काळात बाभळीखाली बसून ज्यानं अख्खं शहर उभं केलं, त्याच्या मुलीनं फक्त खडीच लिहायची, हे ठरवणारे ते कोण? खडी मी लिहीन, मला वाटेल तेव्हा. कुणी पहिलं पान देतो म्हणून नाही.

घरी येऊन गोष्ट पुन्हा लिहिली. तुमच्या चपला गाळल्या नाहीत. त्यांच्यावरच शेवट केला. ज्या शहरात कुणीच बाहेर चपला काढत नाही, तिथे एका दाराशी एकच जोड दिसतो. इन्स्पेक्टरला वाटतं, चपला बाहेर काढणाऱ्या मुलखातली ही बाई आपली सवय विसरली नाही, म्हणजे ती आत आहे. तो दार ठोठावत बसतो. बाईनं चपला मुद्दाम तिथे ठेवल्यात. ती मागच्या जिन्यानं अनवाणी उतरून बर्फातून निघून गेलीय.

बर्फ मी कधी पाहिलेला नाही. तापल्या खडीवरून तुम्ही टाचा उचलून चालायचात, ते आठवलं आणि तसंच लिहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं, मला माहीत नाही. गोष्ट मात्र काल रहस्यकथांच्या मासिकाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. खाली माझं नाव, तुमचं नाव आणि आपलं आडनाव, पूर्ण लिहून.