रविवारी प्रवेश फुकट

सोनोरा, बुधवार

प्रिय आदी,

हे पत्र दोन्या एल्डाच्या भाकरीच्या दुकानात, मागे मक्याच्या पोत्यांवर बसून वाच आणि वाचून झालं की तिच्याच यंत्राखालच्या जाळात टाक. घरी नेऊ नकोस. चौथीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, दोनदा वाचावं लागलं तर दोनदा वाच. बाहेर गिऱ्हाईक ओरडलं तर ओरडू दे, एल्डा बघून घेईल. मागच्या महिन्यात मी फोनवर म्हणालो होतो की ईस्टरच्या आधी एका रविवारी तुम्ही कान्कूनहून या, मी इकडून येतो, आईला घेऊ आणि सगळे मिळून गावामागच्या जुन्या देवळाचे दगड बघू. हेनेरदाजींनाही आण, झालं गेलं विसरू, मी स्वतः त्यांच्याशी हात मिळवतो. तू तिकडे रडायलाच लागलीस. म्हणालीस, "एर्मिलो, तू खरंच शहाणा झालास की काय रे?" तर सहल होणार आहे. या येत्या रविवारनंतरचा रविवार. पण हेनेरला आणायचं नाही. त्याला अजून विचारलं नसशील तर विचारू नकोस, विचारलं असशील तर सांग, एर्मिलोला सुट्टी मिळाली नाही, समेट पुढच्या वर्षी. का ते शेवटी लिहितो. आधी कामाचं.

त्या रविवारी हेनेरची हॉटेलच्या फाटकावर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पाळी आहे, एल्डाच्या पुतण्याने तक्ता बघून सांगितलंय. तू त्याला म्हण, नेय्दीच्या बाईंनी मुलांना दगडी देवळाचा नमुना करून आणायला सांगितलाय, बघितल्याशिवाय कसा करणार. बायकोचं तो ऐकणार नाही, पण पोरीच्या शाळेचं ऐकतो. चार लोकांत "माझी नेय्दी वर्गात पहिली" म्हणताना त्याची छाती कशी फुगते ते मी बघितलंय. दुसरं, कागद. तुझं ओळखपत्र आणि दोन्ही पोरांचे जन्माचे दाखले त्याने पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवलेत ना? ते चोरायचे नाहीत. त्याच्याकडून मागून घ्यायचे. म्हण, रविवारी देशातल्या माणसाला दगड बघायला फुकट सोडतात, पण कागद दाखवावा लागतो, नाही तर परदेशी पाहुण्यांचं तिकीट काढायला लावतात. फुकट म्हटल्यावर तो स्वतः कुलूप काढेल बघ. पोरांना तसंही कुणी काही विचारत नाही, हे त्या वेराक्रूझच्या माणसाला कुठलं माहीत! दाखले नेय्दीच्या चित्रांच्या कागदात गुंडाळ. धाकट्या विलला आत दोन सदरे घाल, वरून म्हण डास फार असतात. पिशवी एकच घे, सहलीला जाणाऱ्या बाईकडे असते तेवढी. त्याला येताना तेमोसोनचं धुरावलेलं मांस आणते म्हण, म्हणजे जाऊ देताना त्याचं तोंड गोड राहील.

सातची गाडी धर. तीच, जी वाटेत प्रत्येक गावाला थांबते. फाट्यावर आपला नासारियो टॅक्सी घेऊन उभा असेल, शाळेत नाक पुसायला माझीच बाही वापरायचा तो. तिथे पोचलीस की थांब्याच्या भिंतीवरचं घड्याळ बघ. तुझ्या हातातलं साडेनऊ सांगेल आणि भिंतीवरचं साडेआठ, आपल्याकडची वेळ कान्कूनच्या तासभर मागे. तुला आठवतं, तू पहिल्यांदा कान्कूनला कामाला गेलीस तेव्हा हा तास विसरलीस आणि पहिल्याच दिवशी बाईसाहेबांच्या शिव्या खाल्ल्यास? आपल्याकडचा प्रत्येक माणूस तिकडे जाताना एकदा तरी हा तास हरवतो. हेनेर आपल्या बाजूला कधी आलाच नाही, लग्नसुद्धा त्याने तिकडेच लावलं, आपल्या गावाची धूळ नको म्हणून. त्याला फक्त एवढं सांग, परतीची शेवटची गाडी तिथून पाचला सुटते. तो बोटांवर अडीच तास मोजेल, साडेसातला अड्ड्यावर येऊन उभा राहील. गाडी येणार नाही. तो शिव्या घालेल, मग कुणीतरी त्याला हसून सांगेल, "अहो साहेब, तिकडचे पाच म्हणजे आपले सहा, तासभर बसा गप." आणि तो बसेल. त्या तासभरात त्याला कुणाचाही संशय येणार नाही, फक्त स्वतःच्या अडाणीपणाचा राग येईल. साडेआठला गाडी येईल आणि तीत तू नसशील. तोपर्यंत नासारियोने तुला काम्पेचेत पोचवलेलं असेल, आईच्या मावसबहिणीकडे, लांदीकडे. ती खेकडे सोलायच्या शेडमध्ये असते, तिचं नावही हेनेरने कधी ऐकलेलं नाही. आई तुझ्याबरोबर येणार आहे. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या कोंबड्यांचं काय?" मी म्हणालो, कोंबड्या गास्पारमामाकडे टाक. तर म्हणते, "तो खाईल." खाऊ दे म्हणालो.

दगड मात्र खरंच बघायचे, आदी. पळायचंच आहे तर सरळ पळू, असं म्हणू नकोस. दहाच्या सुमारास तो फोटो मागेल. पायऱ्यांपाशी पोरांना उभं कर, हसवून एक फोटो पाठव. मग फोन सेनोतेच्या, त्या खोल दगडी डोहाच्या, काठावरून पाण्यात सोड. तिथून खाली गेलेलं आजवर काही वर आलेलं नाही. आणि देवळाच्या फाटकावर राखणीला असलेला गास्पारमामा वही पुढे करेल तर नाव लिहू नकोस, त्याला सांगून ठेवलंय.

दुसरं कारण तुला माहीतच आहे. तुझ्या पोरांना ती जागा दाखव. मी सहा वर्षांचा होतो, तू दहाची. बाप झुल्याची ओली दोरी घेऊन आईला मारायचा, दोर ओला केला की आवाज कमी येतो आणि वळ जास्त, हे त्याला ठाऊक होतं. आई पडली की तो आपल्याकडे वळायचा. एकदा कोयत्याच्या सपाट बाजूने त्याने तुझ्या पाठीत असा घातला की तू तोंडातून रक्ताची थुंकी टाकलीस आणि तरी माझा हात धरून पळालीस. मामाच्या फाटकाखालून सरपटत आत. बाप देवळाच्या कमानीपाशी येऊन थांबायचा. वनाच्या धन्यांना मक्याची पेज ओतल्याशिवाय आत पाऊल टाकायची त्याची हिंमत नव्हती, दारूत बुडालेला असला तरी. अलुश, ते वनातले बुटके राखणदार, रात्री येऊन पाय मुरगळतील, अशी भीती. आपण एकोणऐंशी पायऱ्या मोजत वर जायचो. तू मोजायचीस, मी तुझ्यामागून म्हणायचो, तेवढीच माझी खरी शाळा. वरून तो खाली मुंगीएवढा दिसायचा आणि ओरडायचा, "बघा, मला काय करायला लावताय!" मग तू मला विचारायचीस, "कोण बोललं रे? मला तर काही ऐकू आलं नाही." आणि मी हसायचो. तुझ्या सदऱ्याला रक्त असायचं आणि मी हसायचो.

दोन वर्षांपूर्वी मी कान्कूनला आलो, तुझा सुजलेला डोळा बघितला आणि तू म्हणालीस, पायरीवरून पडले. तुमच्या घराला पायरीच नाही, आदी. मी बांधकामावरून सळई आणली. तीन वार. तिसऱ्याला हेनेरचं खांद्याचं हाड मोडलं, वाळकी फांदी मोडावी तसं, तो आवाज मला फार आवडला. वाटलं, झालं, मिटलं. मी मोठेपणाने गाडीत बसून इकडे उत्तरेला आलो. हाड जुळायला त्याला सहा आठवडे लागले आणि सातव्या आठवड्यात त्याने तुझी तीन बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं. एल्डाने मला फोनवर सांगितलं. मी मारलं आणि त्याची परतफेड त्याने तुझ्या हाताला केली. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. उलट म्हणालीस, "डाव्या हाताची आहेत रे, पोळपाटाला लागत नाहीत."

इथे मी कत्तलखान्यात काम करतो, हे तुला माहीत आहे, पण काय करतो ते कधी सांगितलं नाही. डुकरं मागच्या पायाने टांगून येतात आणि मी गळ्याखाली एक वार करतो. एकच. दिवसभर तेवढंच. रक्त कोपरापर्यंत गरम लागतं आणि बाहेर आलं की हात गार पडतात. पहिले काही दिवस उलट्या केल्या. मग प्रत्येक डुकराला मी हेनेर म्हणायला लागलो, मनातल्या मनात, आणि काम सोपं झालं. फोरमन म्हणाला, "ह्या युकातानवाल्याचा हात बघा, लोणी कापतो जणू!" मला अभिमान वाटला. तेव्हाच सहलीची कल्पना सुचली.

आता गेल्या शुक्रवारचं ऐक. जेवणाच्या सुट्टीत रोसेंदो म्हणून एक आहे, वाईट माणूस नाही, जिभेला हाड नाही इतकंच. रोज माझी खोड काढायचा, "काय रे डोकेवाल्या, एवढं थोरलं डोकं, आत काय भोपळ्याच्या बिया भरल्यात?" युकातानच्या सगळ्यांची डोकी मोठी असतात म्हणे. मी हसायचो. मीच त्याला एकदा तुझं सांगितलं होतं, कुणाला तरी सांगावं लागतं. तर शुक्रवारी सगळ्यांसमोर म्हणाला, "मार खाऊन परत तिथेच राहते ना तुझी बहीण? मग आवडत असेल तिला." मी त्याचे केस धरून तोंड ओल्या फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात फरशीवर पडले ते पांढऱ्या मक्यासारखे दिसले. तो "बस, भाऊ, बस" म्हणत होता आणि मी थांबत नव्हतो, राग संपला होता तरी थांबत नव्हतो, कारण बरं वाटत होतं. चौघांनी ओढलं तेव्हा मी धापा टाकत त्याच्याकडे बोट करून म्हणालो, "बघ! बघ मला काय करायला लावलंस!"

आदी, तो माझा आवाज नव्हता. मी कमानीकडे बघितल्यासारखं मागे वळून बघितलं.

रोसेंदोचा डावा डोळा वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. रविवारी मी त्याच्यासाठी कोंबडीचं सार घेऊन गेलो. नर्सबाई तेव्हाच त्याला विचारत होत्या, हे कसं झालं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि सुजलेल्या ओठांनी म्हणाला, "पायरीवरून पडलो." घाबरून म्हणाला तो. मला घाबरून. तुझ्यासारखंच.

आता का ते लिहितो. हेनेरला आण म्हणालो तेव्हा मला समेट करायचा नव्हता. मी त्याला वर नेणार होतो, सर्वांत वरच्या पायरीवर, पोरांना आईपाशी खाली ठेवून. दोन्ही हातांनी छातीवर एक धक्का, एवढंच काम होतं. एकोणऐंशी पायऱ्या तो दगडावर आपटत खाली आला असता आणि मी सगळ्यांना सांगितलं असतं, पायरीवरून पडला. महिनाभर झोपण्याआधी मी त्याला तसा पाडायचो आणि मला छान झोप लागायची. तुझी पोरं खालून बघत असतील, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. म्हणून हेनेर येणार नाही, आणि म्हणून मीही येणार नाही. येणार असं आईला अजून वाटतंय, तिला तू सांग. काम्पेचेलाही इतक्यात येणार नाही. हेनेर कुठे राहतो ते मला माहीत आहे आणि माझ्या हातांना सवय लागली आहे. तुम्ही सुखरूप पोचेपर्यंत ते इथेच लांब बरे. तू पोरांना घेऊन वर चढ, नेय्दीला मोजू दे, विलला तिच्यामागून म्हणू दे. वर पोचलीस की क्षणभर खाली बघ. पायथ्याशी दगड असतील आणि ऊन असेल, दुसरं काही नसेल. मग उतर, आदी. नासारियोने गाडी चालूच ठेवलेली असेल.

तुझ्यामागून मोजणारा, तुझाच
एर्मिलो