उजव्या साच्याची खाच

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येणार नाही, म्हणून पत्र. पंधरवडा होत आला, कंपनीने मला काढलं. एकवीस वर्षं कानाच्या मशिनचे, कानात बसणारे साचे घासले आणि एका सोमवारी गेटवर कार्ड लावलं तर दारच उघडेना. वॉचमन ओळखीचा, बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. साहेब काही भेटले नाहीत. आत राहिलेला माझा डबा आणि चष्मा दुपारी कुरियरने घरी आले.

कारण विचारलं, तर कागदावर ‘कामात दोष’ असा शेरा. उजव्या कानाच्या प्रत्येक साच्याला मी कडेला बारीक खाच करायचो. नजर अधू झालेल्या माणसाला बोटाने चाचपून उजवा-डावा कळावा, एवढ्यासाठी. तपासणीच्या नव्या यंत्राला तो ओरखडा वाटला, चार-पाच महिने माझ्या साच्यांवरची खाच घासून टाकूनच ते बाहेर जात होते. मी सांगून पाहिलं, पण कोणी ऐकूनच घेईना. आणि म्हणे कंपनी कानाच्या मशिनची.

दुसरीकडे नोकरी मिळेलही. पण ताई, एवढ्या वर्षांत मी एकही खरा कान पाहिला नाही, नुसते खोक्यातून आलेले कानांचे ठसे. माझ्या साच्यांचा कुणाला काही उपयोग झाला की नाही, हेही मला ठाऊक नाही. सगळं फुकट गेलं असं वाटतं. बायको धीर देते, पण तिला तोंड दाखवायला नको वाटतं.

भावोजींना नमस्कार. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शहाण्या, पंधरा दिवस हे पोटात ठेवलंस, त्याचा मात्र राग आलाय.

तुझं पत्र आलं तेव्हा सासूबाईंनी माझं डोकं खाल्लं होतं. नवे साचे आल्यापासून त्या रोज उजवा डाव्या कानात कोंबतात. जुन्याला खूण होती, याला का नाही, म्हणून माझ्यावरच आगपाखड. तुझं पत्र वाचलं, कपाटातला जुना साचा काढला आणि चाचपला. खाच होती रे. सासूबाईंना म्हटलं, हे माझ्या भावाचं काम. त्यांचा विश्वासच बसेना, कारण तुला पेन्सिल धड तासता येत नव्हती हे मीच त्यांना सांगून ठेवलंय.

त्यांना घेऊन कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, हीच तक्रार घेऊन त्यांच्याकडे कितीतरी म्हातारी माणसं येतात. ती खूण करणारा माणूस कुठे गेला, असं त्यांनी कंपनीला दोनदा लिहून विचारलं होतं. उत्तर आलं नाही. त्यांच्या मागच्या खोलीत खिडकीशी एक टेबल आहे आणि तिथे बसून साचे घासणारा माणूस त्यांना हवाय. पगार कमी आहे, ते आधीच सांगते.

बायकोशी नीट बोल आणि ये. वरची खोली झाडून ठेवलीय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस, म्हणून इथली खबर पत्राने. भावोजी आणि सासूबाई ठीक. सासूबाई अजून पेन्सिलीवरून चिडवतात. पुढच्या महिन्यात बायकोही इथे येतेय. ताई, तुझे उपकार फेडायचे म्हटलं तर तू कान पिळशील, म्हणून नुसतं मान्य करतो. तुझ्यामुळे मी पुन्हा धड जेवायला लागलो.

काल एक रिटायर झालेले बसड्रायव्हर आले, बायकोबरोबर. खिडकीच्या टेबलाशी माझ्यासमोर पहिल्यांदाच खरा कान. केसाळ, मागे चष्म्याच्या काडीचा वळ पडलेला. तीनदा घासलं, तेव्हा साचा नीट बसला. डॉक्टरीणबाईंनी ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोला हळू आवाजात काहीतरी बोलायला सांगितलं. त्या सहा वर्षं ओरडून ओरडून बोललेल्या, हळू काय बोलायचं ते त्यांना सुचेना. शेवटी पुटपुटल्या, की शर्टाची बटणं वरखाली लागलीत.

ड्रायव्हरसाहेबांनी मान खाली घातली, सगळी बटणं सोडली आणि एकेक नीट लावली. त्यांच्या बायकोला रडू आवरेना, आणि मलाही.

बाळाला आणि बाळाच्या आईला आशीर्वाद. तुझा हात असाच पाठीवर राहू दे.

तुझा,
धाकटा