चीक थिजायच्या आत

माय, सगळ्यात आधी समोरची आपा आली, मंग पुलावाले साहेब. आपा म्हणजे गादीवाल्यांची पोरगी, जिच्या अम्मीसंगं तू कुरडया करायची. आता तिलेही नातवंडं झाली, पण रस्त्यातूनच ओरडली, "बाई, साब लोग आ रहे! चीक उतरवू नको अजून!" दोन्ही बाजूच्या बाया किती दिवसांनी आपल्या दारात जमल्या, मले तर आनंद मावेना.

पुसदच्या रस्त्यावर उड्डाणपूल होऊन राह्यला. वरून गाड्या जाऊ दे, आपलं काय जाते? पण पुलाचा उतार नेमका आपल्या दारापुढं, अन् उताराखाली खांब नसते, भरीव भिंत असते. आपाचं घर भिंतीपल्याड जाईन. भिंतीत माणसापुरती वाट ठेवा, एवढंच आमचं मागणं.

तुले आठवते? तू चुलीपुढं चीक हाटून राह्यली आहे, घामानं कपाळ भिजलं, अन् तिथूनच हाक मारते, "चीक झाला वो!" की अम्मी सोऱ्या घेऊन पळत येते. एकदा मले तिकडं चीक घेऊन पाठवलं, मी बैलगाड्या पाहात उभी राह्यली. केवढी चिडली होती तू! "थिजल्या चिकाची कुरडई होते काय? घाल आता गाईले."

आमचं मागणं ऐकून लहाना साहेब म्हणे, "आजी, चौकातून वळून जायचं. लांब कुठं आहे?" मी म्हटलं, "चाला मंग." चिकानं भरलेला गरम गंज फडक्यात धरला अन् निघाली. चौकात ट्रक, ऑटो, भोंगे, कोणी थांबायले तयार नाही. आपाच्या दारात पोचलो, तिनं सोऱ्यात चीक भरून दाबला, तर तार कुठली, नुसता गोळा!

"खाओ साब," आपा म्हणे, "अब हर साल यही मिलेगा."

मोठा साहेब हसला, पण हो काही म्हणाला नाही. नकाशात वाट नाही, वर विचारावं लागते, म्हणे.

"तोवर भिंतीचं काम थांबन काय?"

"ते नाही सांगता येत, आजी."

बाया हसत घरी गेल्या. मीही हसली. पण समोर गिट्टीचा टिप्पर खाली होऊन राह्यला.

हे पत्र गव्हाच्या डब्यातच राहीन, म्हणून तुले सांगतो. गुडघे दुखतात ते खरंच, पण चौकात मी मुद्दाम हळू चालली. आपालेही सांगितलं नाही. गहू पुन्हा भिजू घातले आहे. साहेब वर विचारून मंगळवारी येतो म्हणाले.